मोहिमेचे पान

"हा तर आपला शेंदऱ्या मारुतीच की गं!"

अण्णांचा आवाज त्या शांत दालनात जरा जास्तच घुमला. पुढे चाललेल्या दोन म्हाताऱ्या चिनी बायकांनी वळून पाहिले आणि त्या हसल्या. लाकडी कठड्यापलीकडे लालभडक चेहऱ्याचा, छातीवर दाढी रुळणारा एक धिप्पाड पुरुष बसलेला होता.

"मारुती नाही अण्णा, सेनापती आहे," शाल्मली हळू आवाजात म्हणाली. "अठराशे वर्षांपूर्वीचा."

"असू दे. धन्याला सोडून गेला नाही, असं तूच म्हणालीस ना मघा? मग मारुतीच." अण्णांनी कानटोपी काढली, हात जोडले आणि कानटोपी पुन्हा कानांवर ओढली.

चेंगदूच्या त्या देवळात तसा देव एकही नव्हता. एका जुन्या राजाचे आणि त्याच्या माणसांचे ते देऊळ. राज्य बुडून सतरा शतके उलटली होती. तरी राजा, प्रधान, सेनापती आपापल्या जागी बसून होते आणि लोक त्यांच्यापुढे उदबत्त्या लावत होते. औषधांचा कच्चा माल तपासण्याच्या नोकरीसाठी शाल्मली पाच वर्षे या शहरात राहत होती. पण देवळात पाऊल टाकले ते आज, अण्णा आले म्हणून. तेही तिच्या ऑफिसातल्या लिनने ठरवले. वडील झांशीचे, म्हणजे राणीच्या गावचे, हे कळल्यावर आपल्याकडचे वीर त्यांना दाखवायलाच हवेत, असे तिच्या मनाने घेतले आणि शनिवारी सकाळी ती स्वतः दारात येऊन उभी राहिली.

अण्णांनी, म्हणजे जनार्दन सरंजाम्यांनी, पासपोर्ट काढला तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्याआधी छत्तीस वर्षे त्यांनी झांशी स्टेशनावरच्या रेल्वेच्या डाक ऑफिसात चिठ्ठ्या वेगळ्या केल्या होत्या. समोर भिंतीएवढी लाकडी फळी, फळीला शेकडो खण, प्रत्येक खणावर एका डाकघराचे नाव. उभे राहायचे, हातातल्या चिठ्ठीवर नजर टाकली न टाकली असे करायचे आणि नेमक्या खणात ती सोडायची. त्यामुळे कुठेही काही ओळीने मांडलेले दिसले की अण्णा मोजायला लागत. इथेही त्यांनी लांबलचक ओसऱ्यांमधल्या मूर्ती मोजल्या. एका ओसरीत चिलखतवाले चौदा, दुसरीत झगे घातलेले, हातात पट्ट्या धरलेले चौदा.

"हे कोण? यांच्या हातात तलवार नाही ती?"

"दरबारातले कारभारी. लिहिणारे-वाचणारे लोक."

"कारकून?" अण्णा थबकलेच. "कारकूनसुद्धा बसवलेत? वा! आपल्या झांशीत एक तरी कारकून बसवलाय का कुणी? घोड्याशिवाय पुतळा नाही तिथे." मग एकेका मूर्तीपुढे थांबत ते त्या ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. लिनने शाल्मलीला विचारले, वडिलांना कंटाळा तर आला नाही ना? शाल्मली म्हणाली, उलट.

राजाच्या दालनात मात्र अण्णा मोजता मोजता अडले. मधोमध सोन्याचा मुलामा दिलेला राजा. त्याच्या एका बाजूला एक तरुण मुलगा, तोही मूर्तीच. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हते.

"इथला कुठे गेला?" अण्णांनी रिकाम्या बाजूकडे बोट केले.

लिनला प्रश्न कळला तेव्हा ती खूश झाली. बहुतेक पाहुण्यांच्या हे लक्षात येत नाही, म्हणाली. एका बाजूला आहे तो राजाचा नातू. राज्य बुडाल्यावर त्याने जीव दिला. दुसऱ्या बाजूला पूर्वी राजाचा मुलगा होता. त्याची मूर्ती काढून टाकली, त्यालाही हजार वर्षे होऊन गेली.

"काढली? का?"

लिन सांगत गेली आणि शाल्मली वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेली. मुलगा गादीवर होता तेव्हा शत्रू राजधानीपर्यंत आला. तो लढला नाही, शरण गेला. शत्रूने त्याला आपल्या शहरात नेले, मोठे घर दिले, नोकरचाकर दिले. एकदा मेजवानी ठेवली आणि मुद्दाम त्याच्या मुलखातली गाणी वाजवली. त्याच्याबरोबर आलेले लोक रडायला लागले. तो हसत होता. मग मेजवानी देणाऱ्या यजमानाने त्याला विचारले, तुला आपल्या देशाची आठवण येत नाही?

इथवर शाल्मली सरळ बोलत आली होती. लिनने पुढचे वाक्य सांगितले आणि ती थांबली.

"मग? काय म्हणाला?" अण्णांनी विचारले.

"म्हणाला..." शाल्मलीने ओठ ओले केले. "मी इथे मजेत आहे. मला तिकडची आठवण येत नाही."

दोन वर्षांपूर्वी, चंपाषष्ठीच्या दुपारी, याच शब्दांत, याच आवाजात ती हे अण्णांना म्हणाली होती.

चंपाषष्ठी हा सरंजाम्यांचा कुळाचार. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, भंडारा उधळायचा आणि मग सगळ्यांनी एका पंगतीला बसायचे. पूर्वजांपैकी कुणीतरी पेशव्यांच्या फौजेबरोबर बुंदेलखंडात आला तेव्हापासून या पंगतीला एक रीत होती. घरातला जो माणूस मोहिमेवर गेला असेल त्याचा पाट ओळीच्या टोकाला मांडायचा, दाराकडे तोंड करून. त्याचे पान वाढायचे. मोहिमा संपल्या, फौजा गेल्या, झांशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या त्या घरात डाकेची आणि रेल्वेची नोकरी करणारे लोक राहू लागले, तरी पान राहिले. शरदचंद्रकाका जबलपूरला बदलीवर होते तेव्हा सात वर्षे त्यांचे पान वाढलेले शाल्मलीने पाहिले होते. आणि ते पान बंद कधी होते, हेही तिला ठाऊक होते. माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणाला की आता मी तिकडचाच, की पान बंद. जगन्नाथआजोबांनी ग्वाल्हेरला घर बांधून तसे कळवले होते. त्या वर्षापासून त्यांचा पाट माळ्यावर गेला, तो कायमचा.

दोन वर्षांपूर्वीचा तो फोन. अण्णांच्या मागे भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होते. "सगळे बसतोय आता जेवायला," अण्णा म्हणाले होते. "तुला येते का गं आठवण?" दर रविवारी ते विचारत. पण त्या दिवशी फोनमधून भाजल्या वांग्यांचा धूर यावा तसे काहीतरी झाले. 'येते' म्हटले असते तर पुढचे सगळे ओघळत बाहेर आले असते. नोकरी, राहते घर, हे अंगवळणी पाडून घेतलेले शहर, सगळे. म्हणून ती हसून म्हणाली, "नाही हो अण्णा. मी इथे मजेत आहे. मला तिकडची आठवण येत नाही."  मग अण्णा "बरं बरं, छान," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. आपले पान त्या दिवसापासून बंद झाले का, हे तिनेही कधी विचारले नाही.

आता ते राजापुढे उभे होते. अण्णांनी कानटोपी काढून खिशात कोंबली. राजाला नमस्कार केला, नातवाला केला. मग दोन पावले सरकून त्या रिकाम्या बाजूसमोर उभे राहिले आणि तिलाही, तेवढाच वेळ, नमस्कार केला.

लिन गोंधळली. तिने इंग्रजीत विचारले, "तिथे तर कुणीच नाही ना?"

अण्णांना इंग्रजी समजले, पण उत्तर त्यांनी हिंदीत दिले, स्टेशनावर परक्या मुलुखाच्या माणसाशी बोलावे तसे मोठ्याने आणि सावकाश. "बेटा, गरौठा की डाक किसी-किसी दिन आती ही नहीं थी। तो क्या गरौठा का खाना निकाल के फेंक देते थे? खाली रहता था। नाम लगा रहता था।"

शाल्मलीने गरौठ्याऐवजी 'एक लहान गाव', खान्याऐवजी 'चिठ्ठ्यांचा खण' म्हटले आणि बाकीचे सांगितले. लिनने मान डोलावली. अण्णा खणाविषयी बोलत होते की आणखी कशाविषयी, हे शाल्मलीला मात्र कळले नाही.

लिन चहा आणायला गेली. लाल भिंतीलगत, बांबूंच्या सावलीत एक बाक होता, त्यावर दोघे बसले. समोरच्या झाडाची पिवळीधमक पाने फरशीवर पडली होती आणि एक माणूस ती झाडू की नको अशा बेताने झाडत होता.

"बिचारा," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"तोच, रिकाम्या जागेवाला. शत्रूच्या घरी जेवायला बसलाय, आजूबाजूला तलवारवाले. 'येते आठवण' म्हणाला असता तर मान राहिली असती का धडावर? त्याची नाही आणि त्या रडणाऱ्यांचीही नाही."

"लोक त्याला निर्लज्ज म्हणतात, अण्णा."

"लोकांचं काय घेऊन बसलीस. आपल्याकडेच बघ. बाईसाहेबांच्या पाठीवरचं पोर सगळ्या दुनियेला ठाऊक. ते पोर पाठीवरून उतरलं, पुढे इंदोरला पन्नासेक वर्षं जगलं, इंग्रजांच्या पेन्शनीवर. त्याचं काय झालं, कोणी विचारतं? तिथेच लढाईत गेलं असतं तर त्याच्याही नावाचा चौक झाला असता." अण्णांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "मरणाऱ्याचं सोपं असतं गं. जगणाऱ्याला कायकाय बोलावं लागतं."

हीच वेळ होती. येते हो अण्णा, रोज येते, एवढेच म्हणायचे होते. पाच शब्द. शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिले. कानटोपीशिवाय त्यांचे कान लाल झाले होते.

"अण्णा, थंडी वाजतेय का?" तिने विचारले.

"नाही गं," अण्णा म्हणाले.

पंधरा दिवस संपले. ते परत गेले. पुढच्या कार्तिकात, सकाळी फाटकातून वर्तमानपत्र उचलायला वाकलेले अण्णा तिथेच बसले आणि पुन्हा उठले नाहीत. शाल्मली तीन विमाने आणि एक गाडी बदलून पोचली तो तिसरा दिवस होता. दिवस झाल्यावर परत गेली. आता वर्षश्राद्धाला आली आणि श्राद्ध आटोपून निघायच्या बेतात असताना कमळाकाकूंनी तिला अडवले.

"आठ दिवसांवर चंपाषष्ठी आलीये शालू. मागच्या साली सुतकात केली नाही. यंदा कर आणि जा."

कमळाकाकू म्हणजे शरदचंद्रकाकांच्या पत्नी. काका जाऊन बरीच वर्षे झाली. शाल्मलीची आई तर तिच्या शाळेच्या दिवसांतच गेली, तेव्हापासून दोन्ही मजल्यांवर काकूंचाच शब्द चाले. त्यांचा मुलगा हर्षित बँकेत होता. त्याला मराठी सगळे समजे, बोलताना मात्र ते हिंदीच्या अंगाने घरंगळत जाई.

त्या आठ दिवसांत शाल्मली अण्णांच्या खोलीत झोपली. खुंटीवर ती कानटोपी होती. तिने ती घडी करून कपाटात ठेवली, दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा खुंटीला लावली. काकूंना एक विचारायचे होते. वांगी निवडताना, रोडग्याचे पीठ चाळताना, बड्या बाजारातून हर्षितने पळसाच्या पत्रावळी आणल्या तेव्हा, प्रत्येक वेळी तोंडापर्यंत आले. बंद झाले असेल तर? 'हो, त्याच वर्षापासून' असे काकू सहज म्हणाल्या तर? न विचारलेले बरे, निदान दोन्ही शक्यता हातात राहतात, असे म्हणून ती पुन्हा चाळणी हलवू लागे.

चंपाषष्ठीला सकाळपासून घरभर भाजलेल्या वांग्यांचा वास होता. शाल्मलीनेच नैवेद्य दाखवला. हर्षितने "येळकोट येळकोट" म्हणत भंडारा उधळला तो निम्मा त्याच्या बायकोच्या, मुग्धाच्या, केसांत गेला.

"अहो, मी देव आहे का?" मुग्धा म्हणाली.

"घर की देवी तो हो," हर्षित म्हणाला. काकूंनी दोघांकडे बघून डोळे वटारले, पण हसू लपले नाही.

पाट मांडायची वेळ आली तशी शाल्मली तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. भरलेला तांब्या तिने ओतून पुन्हा भरला. पाट सरकवल्याचे आवाज येत होते. एक. दोन. तीन. चार. काकू, हर्षित, मुग्धा आणि आपण, तिने मोजले. मोजायची ही सवय अण्णांचीच. ती तांब्या घेऊन बाहेर आली तेवढ्यात पाचवा आवाज झाला.

"अरे गाढवा!" काकू ओरडल्या. "हा कुणासाठी मांडलास? ती आलीये ना! समोर उभी आहे चांगली जितीजागती!"

ओळीच्या टोकाला, दाराकडे तोंड करून, एक पाट मांडलेला होता. पुढे पत्रावळही ठेवून झाली होती. हर्षितने कपाळावर हात मारला.

"अरे हां! आदत झाली ना आई. हाथ आपोआप गेला."

"कसली आदत?" शाल्मलीने विचारले. तांब्यातले पाणी तिच्या पायावर सांडत होते, ते तिच्या लक्षात आले नाही.

"तुमच्या पत्तलची, दीदी. हर साल लागायची. पहले ताऊजी खुद लावायचे. मग त्यांचे घुटने दुखायला लागले तर मला म्हणायचे, दाराकडे तोंड कर, ती सीधी आत येईल. जरा भी तिरछा झाला तर उठून ठीक करायचे."

"हर साल?"

"हर साल. तुमच्याकडे चीनला जाऊन आले, त्या साली पण. आणि खायचं कुणी? मी! अन्न फेकायचं नाही म्हणून. दीदी, ये जो पेट है ना," त्याने पोटावर हात फिरवला, "हे सगळं तुमच्या नावाचं आहे."

मुग्धा हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी शाल्मलीच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"काकू, त्या वर्षी मी फोनवर..."

"ठाऊक आहे मला. मी इथेच होते, पुरणाचं पातेलं घेऊन." काकू खाली बघून बोलत होत्या. "फोन ठेवला आणि येऊन बसले पाटावर. मीच म्हटलं, भाऊजी, पोर तर असं म्हणाली. आता आपल्या रीतीनं काय करायचं? तर म्हणाले, 'ती काय म्हणाली ते मी ऐकलंय, कमळा. तू वाढ.'"

"मला कधी बोलले नाहीत."

"नको म्हणायचे. सांगितलं तर ओझं होईल तिला, रजा काढून धावत सुटेल. आम्हालाही ताकीद होती."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.  हर्षितला अवघडल्यासारखे झाले. त्याने वाकून त्या पाचव्या पाटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि तो उचलायला लागला.

"राहू दे," शाल्मली म्हणाली.

हर्षितने आईकडे पाहिले. शाल्मली पुढे झाली. पाट त्याच्या हातून किंचित तिरपा टेकला होता. तिने तो दाराच्या उंबऱ्याशी नीट सरळ केला, पत्रावळीची दांडी फिरवून घेतली आणि रांगोळीच्या वाटीतून चिमूट घेऊन पाटाभोवती एक साधी रेघ ओढली. रेघ जिथे सुरू झाली तिथे नीट येऊन मिळाली. मग ती आपल्या पाटावर जाऊन बसली.

त्या घरात वाढायला सुरुवात नेहमी थोरल्याच्या पानापासून होई, म्हणजे इतकी वर्षे अण्णांच्या. आता थोरल्या कमळाकाकूच होत्या, आणि त्यांचा पाट ओळीच्या दुसऱ्या टोकाला, देवघराच्या बाजूला होता. काकूंनी मिठाची वाटी उचलली, क्षणभर उभ्या राहिल्या. मग पदर खोचून त्या दाराकडे गेल्या, वाकल्या, आणि त्या पहिल्या पानावर मीठ वाढले.